दोर आडवा असतो, गेनू

गेनू, ती लढत आपण दोघांनीही पाहिली नव्हती. ती ठोशांची लढत झाली समुद्रापलीकडं कुठंतरी. तू होतास दौंडच्या लोकोशेडात आणि मी शिरूरच्या तालमीत. तरी तिच्यावर आपण चार वर्षं भांडलो. पोस्टकार्डावर भांडलो, एसटी स्टँडवर भांडलो, तुझ्या क्वार्टरच्या ओट्यावर भांडलो. आता भांडायला तू नाहीस आणि ती लढत मात्र माझ्या डोळ्यांपुढं चालूच आहे. दुपारी जेवून लवंडलो की दिसते. माझ्या लढतीत लाल माती आहे, हलगी वाजते आहे, कडेला बाभळी आहेत. तू म्हणायचास, ‘आरं तिथं कुठली माती? खाली फळ्या असत्यात, वर तंबूचं कापड ताणल्यालं, आन् डोक्यावर ह्ये मोठं दिवं!’ असतील. पण मला मातीच दिसते, त्याला मी काय करू? तुझे दिवे तू घेऊन गेलास.

त्या लढतीतल्या दोघांची नावं आमच्या तालमीत कुणाच्या जिभेवर बसली नाहीत. वयानं मोठा तो थोरला, आणि तरणाबांड हत्तीसारखा तो धाकटा. थोरला हरणार असं सगळं जग म्हणत होतं. त्यानं सात फेऱ्या मार खाल्ला, आणि आठव्या फेरीत धाकट्याला असा लोळवला की दहा आकडे मोजून झाले तरी गडी उठला नाही. गोष्ट एवढीच. तू म्हणालास, थोरल्यानं डोकं चालवून लढत मारली. मी म्हणालो, पळपुटेपणानं.

आज लिहून टाकतो. आपण त्या दोघांवर भांडत नव्हतोच. आपण भांडत होतो आपल्या कुस्तीवर. मांडवगण फराट्याच्या अलीकडं आपलं गाव, त्या गावच्या जत्रेत चाळीस वर्षांमागं तुझी आणि माझी लागली होती, आणि तू चीत झालास असं अख्खा गाव मानतो. त्या कुस्तीबद्दल एक वाक्य मला तुला सांगायचं होतं. ते घशातच राहिलं आणि तू गेलास. मी तिसरी शिकलेला माणूस. तुझी लेक शांता, शिक्रापूरच्या शाळेतली मास्तरीण, म्हणाली, आबा तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी तिला म्हटलं, नाही पोरी. हे माझ्या हातानं. ऱ्हस्वदीर्घ तू बघ, शब्दाला हात लावायचा नाही.

आधी दोराचं सांगतो.

तालमीत पेपर दुसऱ्या दिवशी यायचा, न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांचा वाचून झाल्यावर. अक्षर लावून वाचायचं काम माझं, कारण वस्ताद मी. त्यात छापलं होतं, थोरल्यानं सात फेऱ्या दोरावर काढल्या. मी दोनदा वाचलं. आमच्या तालमीत दोर एकच, आढ्याला टांगलेला, चढायचा. सगळ्यांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

‘म्हंजी दोरावर चढून बसला व्हय?’ महादू पैलवान म्हणाला.

‘सात फेऱ्या?’

‘मग धाकटा मारत कुठं व्हता त्याला?’

‘पायाला मारत असंल.’

‘आन् ह्यो पाय वर घेत असंल. म्हून तर त्यो खालचा दमला, उड्या मारून मारून!’

सगळे माझ्याकडं वळले. वस्तादाला माहीत नाही म्हणायची सोय नसते. मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, ‘व्हय. तसाच नियम हाय त्यांच्यात.’

तीन दिवस माझे चांगले कसलेले गडी आलटून पालटून दोराला लोंबकळत होते आणि खालचे त्यांना मुठी हाणत होते. महादू वरून निसटून माझ्याच अंगावर पडला, तेव्हा मी तुला पोस्टकार्ड टाकलं. ‘तुझ्या त्या खेळात दोर किती उंच असतो ते कळवणे.’

तू कळवलं नाहीस. सुट्टी घेऊन पहिल्या एसटीनं शिरूरला आलास, आणि तालमीच्या दारात माझं कार्ड हातात धरून हसायला लागलास. तू हसायला लागलास की कोळशाचा खोकला यायचा, खोकला संपला की परत हसायचास. ‘आरं किसन्या, दोर आडवा असतोय, आडवा! चारी बाजूनं. गुरांच्या गोठ्याला आडणा घालत्यात तसा!’

तालमीतल्या गड्यांपुढं मला किसन्या म्हणणारा तू एकटा. गावात होतास तोवर मला अहो पैलवान म्हणायचास. रेल्वेत लागलास, दोन वर्षांनी गावात आलास आणि भर चावडीपुढं ‘काय किसन, बरा हाईस का?’ म्हणालास. आमच्या भावकीतल्या लोकांच्या भुवया चढल्या होत्या. मला आतून बरं वाटलं होतं, पण तेव्हा मीही भुवई चढवली. हेही तुला सांगायचं राहिलं.

आपण नदीकाठच्या माझ्या खळ्यावर गेलो. त्या सकाळी घोडनदीवर धुकं होतं. बाजरीची खळी नुकती उरकली होती. मोटेचा नाडा, तो जाड दोर, माझ्याकडं पडूनच होता, विहिरीवर इंजिन बसल्यापासून त्याला काम नव्हतं. तू खळ्याच्या चारी बाजूंना चार मेढी ठोकल्यास आणि नाडा फिरवून बांधलास. मग शर्ट काढून त्या नाड्याला पाठ लावून उभा राहिलास. साठीकडं झुकलेला तू, छातीवरचे केस पांढरे, हातांवर भट्टीचे डाग. धुक्यामुळं नदी दिसत नव्हती, गाव दिसत नव्हतं. जगात नुसतं ते खळं होतं आणि त्यात आपण दोघं. अजून मला कधीकधी वाटतं की ती लढत तिथंच झाली. समुद्राबिमुद्रापलीकडं काही झालंच नाही.

‘मार मला,’ तू म्हणालास.

‘कुठं मारू?’

‘कुठं बी. वस्ताद हाईस ना?’

मी मारलं. पोटावर मारलं, बरगडीवर मारलं. तू कोपरं जोडून मान आत घेतली होतीस, आणि मारलं की मागं झुकायचास. नाडा ताणायचा आणि परत यायचा. ‘मला कुठं लागतंय? तुझा मार ह्यो दोर खातोय,’ तू म्हणायचास. ‘हाण. अजून हाण. जेवला न्हाईस का?’ मला राग आला. मी वेड्यासारखा हाणत सुटलो. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग माझे हात शिशाचे झाले, श्वास छातीत मावेना, आणि तू नाड्यावरून पुढं आलास आणि माझ्या कपाळाला एक बोट लावलंस. एकच बोट, गेनू. मी मागच्या कडब्यात बसलो.

तू वाकून मोजायला लागलास. एक. दोन. तीन. शेडात गाडीचे डबे मोजावेत तसं सावकाश. सातला मी उठलो.

‘बघ,’ तू म्हणालास. ‘ह्या खेळात पडल्याला माणूस पडला म्हून संपत न्हाई. दहापोतूर त्याला वेळ गावतो.’

मी कडबा झटकत होतो.

‘मातीत न्हाई गावत,’ तू म्हणालास. मग नाड्यावर हात टेकलास. ‘किसन्या, एक इचारू?’

तू काय विचारणार हे मला कळलं. धुकं होतं, कुणी ऐकणारं नव्हतं, तू हसत नव्हतास. त्याहून चांगली वेळ माझ्या आयुष्यात परत आली नाही. आणि मी म्हणालो, ‘चल, च्या पिऊ.’

तू नाडा सोडून गुंडाळून ठेवलास, नीट, वेटोळं करून. तुझं काम नेहमी नीट असायचं.

त्यानंतर जे भांडलो ते सगळं त्या न विचारलेल्या प्रश्नाभोवती. मी म्हणायचो, कुस्तीच्या हौद्यात कुणी कडेला पळाला तर पंच दोघांना मध्ये आणून सोडतात. सात फेऱ्या कडेला टेकून उभा राहिला तो कसला पैलवान? तू लिहायचास, ‘इंजन टेसनात उभं असतं तवा ते बसल्यालं असतं का? वाफ धरतंय. वाफ धरल्याशिवाय घाट चढून दाखव मला.’ मी उलट टपाली लिहायचो, ‘वाफ धरून धरून इंजन दौंडातच उभं राहिलं तर?’ मी म्हणालो, मार काय बैलही खातो. तू म्हणालास, बैल आठव्या फेरीला उलटत न्हाई. एकदा तर दौंडच्या फलाटावर आपला आवाज इतका चढला की टीसी मध्ये पडला. त्याला वाटलं जागेवरून भांडण आहे. तू त्यालाच विचारलंस, ‘सायेब, सात फेऱ्या मार खाऊन आठवीत जितला, तर त्यो जितला का न्हाई?’ तो म्हणाला, ‘तिकीट आहे का?’

मी इतका का चिडायचो, तुला ठाऊक होतं. थोरला जिंकला हे एकदा मान्य केलं, तर लोक हरला म्हणतात तो कधीकधी हरलेला नसतो हेही मान्य करावं लागलं असतं.

म्हणून आता ती कुस्ती.

जत्रेची दुपार. हौद्याची माती तेलाताकानं भिजवलेली, अंगाला गार लागायची. तुमच्या आळीतली माणसं पलीकडच्या कडेला, उभीच, बसायला त्यांना जागा नव्हती. तुझी माझी जोड कुणी मुद्दाम लावली नव्हती. माझा ठरलेला गडी आला नाही, आणि हलगीवाल्यानं तुझं नाव पुकारलं. मला वाटलं, दोन मिनिटांत उरकू. तू मला पाव तास झुलवलास. तुझ्या अंगावर मांस नव्हतं, पण धरलेली मनगटं सुटत नव्हती. शेवटी मी ढाकेचा डाव टाकला. तू हवेतच वळलास, मानेवर आणि एका खांद्यावर आलास आणि कमान केलीस. मी तुझ्या छातीवर. माझा उजवा हात तुझ्या पाठीखाली अडकला.

आता ते वाक्य. माझ्या हाताची मागची बाजू मातीत रुतली होती, गेनू, आणि तळव्याला तुझी पाठ लागत नव्हती. नुसती तिची ऊब लागत होती. तेवढी फट होती. तुझी पाठ मातीला लागली नव्हती.

पंचांनी हात वर केला. त्यांना पाठ कुठून दिसणार, त्यांना तुमची आळी दिसत होती. हलगी कडाडली, लोक हौद्यात घुसले, मला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला. मी वरून खाली बघितलं. तू अजून कमानीत होतास. लोकांच्या पायांमध्ये मानेवर अंग तोलून तसाच धरून राहिला होतास, कारण तुझ्या हिशेबी कुस्ती चालू होती. मी एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं सगळं. मी बावीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यावर फेटा होता.

त्या महिन्यातच तू दौंडला गेलास. लोकोशेडात खलाशी लागलास, मग इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. तिथं गोऱ्या ड्रायव्हर लोकांच्या हॉलमध्ये ते ठोसे खेळायचे. त्यांना सरावासाठी मारायला माणूस लागायचा, तो तू झालास. मार खाता खाता शिकलास आणि एक दिवस मारायला लागलास. ‘तितं एक बरं हाय,’ दौंडात तू मला पहिल्यांदा भेटलास तेव्हा म्हणाला होतास, ‘पडला का उठला, त्ये मोजून ठरवत्यात. मोठ्यानं मोजत्यात, समद्यांना ऐकू यील असं.’ मी इंजिनाकडं बघत राहिलो होतो.

मागच्या महिन्यात मिलिंदचं कार्ड आलं, बाबांना बरं नाही. मी ठरवून निघालो की या खेपेला सांगायचंच. एसटीत काष्टीपर्यंत मनात वाक्य घोकलं. तुझी खाट खिडकीशी होती. बाहेर शंटिंग चाललं होतं, डबा डब्याला लागला की तुझे डोळे तिकडं जायचे. श्वास पुरत नव्हता, तरी मला बघितल्याबरोबर तू दोन्ही कोपरं छातीशी घेतलीस आणि मान आत घेतलीस. थोरल्यासारखी. म्हणालास, ‘कितवी चाललीय?’

मी म्हणालो, ‘पाचवी.’

‘मग बस. अजून येळ हाय.’

आणि मी बसलो, आणि आपण परत तेच भांडलो, हळू आवाजात. मी म्हणालो थोरला पळपुटा. तू नुसता हसलास. तुझ्या हसण्यात मला माझं वाक्य कुठं ठेवावं ते कळेना. संध्याकाळची गाडी धरून परत आलो. आठ दिवसांत तू गेलास.

तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो. वंदना झाली, खीर झाली, माणसं पांगली. घरात राहिले शांता, मिलिंद, आणि भिंतीला टेकून पारूवहिनी. तेव्हा मी शांताला सांगितलं. उभा राहून सांगितलं. ‘पोरी, तुझा बाप चीत झाला नव्हता. पाठ लागली नव्हती. मला ठाऊक होतं.’

आणि गेनू, ती गोड हसली. शाळेत धडपडून पडलेल्या पोराकडं बघून हसतात तशी. ‘आबा,’ ती म्हणाली, ‘बाबा गेले म्हणून तुम्ही त्यांचं मन राखताय. बाबांनीच सांगितलंय आम्हाला कितीदा. किसनआबानं मला सरळ चीत केलं, असा गडी तालुक्यात न्हाई, म्हणायचे.’

मिलिंदनं मान डोलावली. ‘व्हय आबा. मला बी तसंच सांगायचे.’

मी खालीच बसलो. त्या फटीचे साक्षीदार आपण दोघंच. त्यातला तू आयुष्यभर माझ्या बाजूनं साक्ष देत राहिलास, तीही तुझ्याच लेकरांपुढं, आणि आता तुला उलट विचारायची सोय नाही. मी खरं बोललो तर ते चांगुलपणात मोजतात. कुस्तीच्या बाबतीत मी जन्मात कुणाशी चांगुलपणानं वागलेलो नाही, हे या पोरांना कोण सांगणार?

पण मी हट्टी आहे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मी सदरा काढला. ‘मिलिंद, पड खाली. चटईवर. मान टेकव. एक खांदा टेकव. कंबर वर घे. अजून वर.’

‘आबा, आवो...’

‘वस्ताद सांगतोय ना? घे वर!’

तिशीचा तुझा मुलगा, ऑफिसात बसून पोट सुटलेलं. तरी बापाचं काहीतरी अंगात असेल, त्यानं बरी कमान केली. मी गुडघे टेकले, त्याच्या छातीवर छाती ठेवली आणि उजवा हात त्याच्या पाठीखाली सारला. मला परत वर उठता येईल का नाही याचा विचार केला नाही. ‘शांते, हितं ये. खाली वाक. बघ हात कुठं हाय आन् पाठ कुठं हाय.’

ती आली. मास्तरीण आहे, नीट बघते. चटईला गाल लावून तिनं बघितलं, मग माझ्या तळव्यावरून आपलं बोट आत सारलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढलं.

मिलिंदची मान थरथरायला लागली होती. ‘लवकर गं ताई.’

‘न्हाई लागली,’ ती म्हणाली. शाळेतली भाषा सुटली होती तिची. मग ती चटईवर तशीच बसली आणि तोंडाला पदर लावला.

भिंतीकडून पारूवहिनी बोलल्या. सबंध दिवसात पहिल्यांदा. ‘मला ठाऊक हाय. लगीन झाल्या सालीच सांगितलं व्हतं त्यांनी.’

मी म्हणालो, ‘मग गेनू पोरांना का असं सांगत होता?’

‘तुमी येत व्हता ना घरी. पोरं तुमच्या पाया पडायची. ती पडताना त्यांच्या मनात काय येऊ नये म्हून.’

 मिलिंदनं मला काखेत हात घालून उठवलं. सदरा उलटा घातला गेला, तोही त्यानंच सरळ केला.

थोरला जिंकला, गेनू. सात फेऱ्या तो हरत होता हे माझं म्हणणं मी सोडत नाही, पण जिंकला. पळपुटा हा शब्द मागं घेतो.

निघताना मिलिंद स्टँडपर्यंत सोडायला म्हणून पुढं झाला. शांता दारापर्यंत आली. दरवेळी ती उंबऱ्यात वाकून पाया पडते, लहानपणापासून. या खेपेला पडली नाही. चौकटीला धरून उभी राहिली, डोळे लाल, आणि म्हणाली, ‘सावकाश जावा आबा. खालची पायरी मोडलीय.’ मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तुझ्या घरातून मी पहिल्यांदाच माझ्या खऱ्या वजनानं खाली उतरलो.